एकवीस दिवसांचं इंजेक्शन

"लहानपणी तुमचे सांधे सुजायचे का हो?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी डाव्या कुशीवर झोपले होते. छातीवर गार जेली चोपडलेली, आणि डॉक्टर त्यावरून यंत्र फिरवत पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, वेळ जावा म्हणून काहीतरी बोलताहेत. वर्षभर मी दम्याचा पंप ओढत होते. शाळेच्या गणवेशांना कॉलर लावायचं काम मी घरी करते. कापडाची धूळ नाकात जाते, त्यानंच दम लागतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा. सांध्यांचा इथं काय संबंध?

"सुजायचे," मी म्हणाले. "सहावीत होते. आधी गुडघा, तो उतरला की घोटा. अंगात ताप असायचा."

"मग इंजेक्शन चालू केलं होतं का? दर तीन आठवड्यांनी?"

"एकवीस दिवसांनी."

बोलून गेले आणि मग मलाच नवल वाटलं. अडतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न ठरताना नाही, बाळंतपणात नाही. विसरलेच होते म्हणा ना.

"किती वर्षं घेतलंत?"

"तीन."

"मग सोडलं का?"

"आमची मिल बंद पडली."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तिशी-पस्तिशीचे असतील. "मिलचा काय संबंध?" त्यांनी विचारलं. त्यांची चूक नव्हती. त्यांच्या जन्माच्या वेळी गावातले निम्मे भोंगे गप्प झालेले असणार.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हृदयाच्या आत दारं असतात, रक्त पुढं गेलं की ती मिटतात. माझं एक दार लहानपणच्या त्या तापानं जाड झालंय, धड उघडत नाही. म्हणून जिना चढताना जीव घाबरा होतो, उशीवर डोकं टेकलं की खोकला येतो. दम्याचा काही संबंध नव्हता. दार बदलावं लागेल.

"इंजेक्शन चालू असतं तर?" मी विचारलं.

ते म्हणाले, "तर कदाचित इतकं झालं नसतं. कदाचित."

बाहेर बाकावर माझे यजमान, मल्लिनाथ, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचं काम करतात. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, तो 'कदाचित' सोडून. तो मी माझ्याजवळच ठेवला.

मिलचा दवाखाना

त्या दिवसापासून मला तो दवाखाना पुन्हा दिसायला लागला.

मिलच्या फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला कौलारू बैठी इमारत. अर्ध्या उंचीचे हिरवे पडदे. आत स्पिरिटचा वास, आणि त्यात मिसळलेला कापसाचा आणि यंत्राच्या तेलाचा, कारण मिलमधल्या कुठल्याही जागेला तो वास असायचाच. माझे वडील, आमचे अप्पा, सूतखात्यात होते. त्यांच्या बिल्ल्याचा नंबर सहाशे अठरा. माझ्या आईला, अव्वाला, मराठी वाचता येत नव्हतं. कानडीही नाही. पण खिडकीशी कंपाउंडरनं "बिल्ला?" म्हटलं की ती असा काही ठणकावून तो नंबर सांगायची की मागच्या बायका वळून बघायच्या. तेवढं पुरायचं. कागद नाही, फोटो नाही, कुणाची चिठ्ठी नाही. कंपाउंडर जाड वहीचं पान उलटायचा, लाल पेन्सिलीनं खूण करायचा आणि पुढची तारीखही सांगून ठेवायचा. एकवीस दिवसांनी.

इंजेक्शन द्यायच्या त्या मार्था सिस्टर. औषध दुधासारखं पांढरं आणि घट्ट, सुई बघूनच रडू यायचं. सिस्टर ती बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू चोळायच्या. गार औषध जास्त दुखतं म्हणून. चोळता चोळता माझ्याशी बोलायच्या. शाळेत काय शिकवलं, अव्वानं डब्यात काय दिलं. मग म्हणायच्या, "तीन म्हटलं की टोचणार हां. एक... दोन..." आणि दोनलाच टोचायच्या. तीन वर्षं मी दर वेळी फसले.

नंतर तो पाय दोन दिवस जड व्हायचा. मी लंगडत चालायची. पहिली पाळी सुटली की अप्पा फाटकाशी सायकल घेऊन उभे असायचे, पण सायकलवर बसणं काही मला जमायचं नाही. मग सायकल हातात धरून तेही चालायचे, माझ्या चालीनं. वाटेत गाड्यावर कांदाभजी घ्यायचे. अव्वा म्हणायची, "पोरीला तेलकट नको," आणि स्वतःच सगळ्यात आधी हात घालायची. आज कुणी मला विचारलं की तुझ्या आयुष्यातलं सुखाचं काय आठवतं, तर मी ती संध्याकाळ सांगेन. दुखणारा पाय, अप्पांच्या सायकलची टकटक आणि कागदातली गरम भजी.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं. आमच्या शेजारी यल्लूबाई राहायच्या, विड्या वळायच्या. त्यांच्या पोरीचा कान फुटला, पू यायला लागला. अव्वा त्यांना मोठ्या भरवशानं आमच्याबरोबर घेऊन गेली. खिडकीतून प्रश्न आला, "बिल्ला?" यल्लूबाईंना बिल्ला कुठला असणार? "मग इथं कशाला आलात?" कंपाउंडर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्या वहीत यल्लूबाईंना पान नव्हतं. मार्था सिस्टरनी मागच्या दारानं कानात घालायचं औषध दिलं आणि "कुणाला सांगू नका" म्हणाल्या.

घरी येऊन मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "त्यो दवाखाना मेहेरबानी न्हाय, पोरी. आपल्या घामाचा हाय." मला ते पटलं. यल्लूबाईंना घाम येत नव्हता का, हे सहावीतल्या पोरीला सुचलं नाही. मला वाटायचं, आजारी पडलेल्या माणसाला असंच वागवतात. जगात सगळीकडे असाच हिरवा पडदा असतो.

मी आठवी संपवून नववीत गेले आणि मिल बंद पडली. इंजेक्शनही थांबलं. कसं थांबलं ते मी पुढं सांगते. सांगायला मला फार वर्षं लागली आहेत, दोन पानं आणखी लागली तरी चालतील.

शांता आणि शांतव्वा

इको काढणाऱ्या डॉक्टरांनी एका धर्मादाय हॉस्पिटलचं नाव दिलं. तिथं सरकारी योजनेत अशा दाराचं, म्हणजे झडपेचं, ऑपरेशन होतं, पैसे लागत नाहीत. फक्त कागद नीट हवेत.

दाराशीच योजनेचं टेबल. तिथं बसणाऱ्या मुलीला आरोग्यमित्र म्हणतात. तिनं माझं आधार पाहिलं, रेशनकार्ड पाहिलं, आणि दोन्ही परत माझ्यासमोर ठेवलं.

"काकू, आधारवर शांता आहे. कार्डावर शांतव्वा आहे."

"मीच ती दोन्ही."

"मला कळतंय हो काकू. कॉम्प्युटरला कळत नाही."

रेशनकार्ड सासरचं. माझं नाव त्यावर यजमानांनी घालून घेतलं होतं, सासूबाई हाक मारायच्या तसंच. त्या दिवशी रिक्षात बसेपर्यंत मी गप्प बसले आणि मग माझा तोल गेला. "सत्तावीस वर्षं संसार केलात, बायकोचं नाव काय ते माहीत नाही?" रिक्षावाला आरशातून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान कारखान्यात गेलेच नाहीत, पुरवठा कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही. कधी साहेब नाहीत, कधी सर्व्हर बंद, कधी शपथपत्र आणा.

नाव दुरुस्त व्हायला अडीच आठवडे गेले. तेवढ्यात माझ्या पायांना सूज चढली. आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून मी भिंतीला टेकून बसून झोपायची. माझी मुलगी पल्लवी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा तोंडावर. ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. मी श्वास कसा घेते ते मोजत असायची. मला ते कळायचं आणि मी मुद्दाम हळू श्वास घ्यायचा प्रयत्न करायची. आजार एकट्या माणसाला होत नाही. घरातल्या प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो.

भरती झाल्यावर तपासण्या झाल्या, फाइल मंजुरीला गेली. चौथ्या दिवशी मंजुरी आली. यजमान पळत जाऊन पेढे घेऊन आले. सगळ्या वॉर्डात त्यांनी पेढे वाटले, सिस्टरना, झाडणाऱ्या मावशींना, सगळ्यांना. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. आणि तो मिळाला म्हणून आम्ही लॉटरी लागल्यासारखे पेढे वाटत होतो.

माझ्या बाजूच्या खाटेवर नरसम्मा होती. तिनं पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून उशीखाली ठेवला.

"तुमचं झालं," ती म्हणाली. "माजं कवा व्हायचं?"

बाजूची खाट

नरसम्मा सोलापूरजवळच्या कुंभारीची, विडी कामगारांच्या घरकुलातली. घरात तेलुगू बोलणारी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिलाही झडपेचंच दुखणं. आमचे डॉक्टर एक, गोळ्या एक, बिनमिठाचं जेवणही एक. दुपारचं ताट आलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

"अक्का, शेंगाची चटनी असती की नाय, तर दगडबी गिळला असता," ती म्हणायची.

तिला स्वस्थ बसता यायचं नाही. गप्पा मारताना तिची बोटं चादरीच्या टोकाशी विडी वळत असायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. सगळं हवेत. नवव्या वर्षापासून वळतेय म्हणाली.

तिची फाइल अडली होती ती त्या बोटांवरच. आरोग्यमित्र रोज छोटं मशीन घेऊन यायची आणि तिची बोटं एकेक करून काचेवर टेकवायची. तंबाखू आणि पान चोळून चोळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. मशीन दर वेळी लाल व्हायचं. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, तेल लावून बघितलं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर थोरल्या मुलाचा जुना, तो बंद पडलेला. आरोग्यमित्र मुलगी मनापासून करत होती, तिचा चेहराही उतरायचा.

"आधी आधार नीट करून आणा मावशी," ती शेवटी म्हणाली. "मग लगेच भरती करून घेऊ."

माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी नरसम्माला घरी सोडलं. पिशवी भरताना तिनं उशीखालचा अर्धा पेढा काढून खाल्ला. "जाते अक्का. तुमी बऱ्या व्हा." मी "तूही ये लवकर" म्हणाले. पण माझं सगळं लक्ष दुसऱ्या दिवसाकडे होतं. तिच्याकडे मी नीट बघितलंही नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे.

अव्वा

त्याच दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत अव्वा आली. आता पंचाहत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली. धाकट्या भावानं तिला खुर्चीवर बसवलं आणि तो चहा आणायला गेला. आम्ही दोघीच.

बराच वेळ ती माझ्या पायाची सूज दाबून बघत बसली. मग म्हणाली, "माज्यामुळं झालं हे."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मिल बंद पडली तवा तुला पेठंतल्या सरकारी दवाखान्यात न्यायला पायजे हुतं म्या सोता. एकटीला धाडलं. तुजं अप्पा घरात बसून, मी दुसऱ्याच्या घरी भाकऱ्या बडवायला. टायमच न्हाई मिळाला. मग बंदच पडलं की."

आता मी सांगितलं नाही तर उद्यानंतर सांगायला मी असेन की नाही, माहीत नव्हतं.

"अव्वा, मी जातच नव्हते."

मी पहिल्यांदा गेले होते. मिलच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन एकटी, चौदा वर्षांची. तिथलं औषध फुकटच होतं, ते आमच्यासाठीही होतं. पण खिडकीतला माणूस सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं म्हणाला, "मिलवाल्यांची मिल बुडाली, आता सगळे इकडं." बायकांसाठी पडदा नव्हता, दार उघडंच. टोचणारीनं माझ्याकडे न बघता "वळ" म्हटलं. बाटली कुणी तळव्यात चोळली नाही. मी दुखलं म्हणून रडले नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणून रडले. पुढच्या एकवीस दिवसांनी मी घरातून निघाले, तळ्याकाठी तासभर बसले आणि घरी येऊन "टोचलं" म्हणाले. त्याच्यापुढच्या वेळीही. असं पाच-सहा वेळा. मग अव्वानं विचारायचं बंद केलं आणि मी सुटले.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती. मग सावकाश म्हणाली, "मला ठाव हुतं."

"काय?"

"तू सरळ चालत आलीस की. टोचल्यावर कवा सरळ चाललीस तू?" तिनं पदर तोंडाला लावला. "म्या बघितलं, दारातनं. तवाच वळखलं. वाटलं, विचारावं. मग वाटलं, पोर चांगली हाय, खातीया, खेळतीया, सांदं सुजत न्हाईत. आता कशाला तिला त्या गर्दीत लोटायचं? आन् तिला न्यायला मला एक दिवस काम सोडायला लागलं असतं. ते वाचलं म्हनून बरंबी वाटलं, शांते. बरं वाटलं मला."

अडतीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी तिचा हात धरला. भाऊ चहा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. त्याला वाटलं, ऑपरेशनला घाबरल्या. "काय होत न्हाई," तो म्हणाला. आम्ही "व्हय, व्हय" म्हणालो आणि चहा प्यालो. तो चहा फार गोड होता. मला साखरेची मनाई नव्हती, मिठाचीच होती.

नवं दार

ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा घशात नळी होती आणि एक सिस्टर म्हणत होती, "शांताताई, डोळे उघडा. झालं सगळं." मला माझ्या नावाचंच पहिल्यांदा बरं वाटलं.

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी थोडं लिहिते. खोकला येतो तेव्हा छाती फाटेल असं वाटतं. छोटी उशी घट्ट छातीशी धरायची आणि खोकायचं, फाटत नाही. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं देतात, श्वास आत ओढून ते वर न्यायचे. पहिल्या दिवशी माझा एकही चेंडू हलला नाही. पाचव्या दिवशी दोन वर गेले तेव्हा यजमानांनी वॉर्डात टाळी वाजवली आणि सिस्टरनी त्यांना बाहेर काढलं. अंघोळ घालणाऱ्या मावशी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायच्या. टाक्यांवरून फडकं फिरवताना त्या श्वास धरायच्या, जसं काही त्यांनाच दुखणार आहे. रडू मात्र तिसऱ्या आठवड्यात येतं, घरी आल्यावर, कारण नसताना. येऊ द्यावं.

झडप धातूची आहे. तिचा आवाज येतो, मनगटी घड्याळासारखा. सुरुवातीला मी हैराण झाले. मग पल्लवी म्हणाली, "आई, बरंय की. तू मागून आलीस तरी मला कळतं." आता रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. पालेभाजी एकदम जास्तही खायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही.

आणखी एक. घरातल्या लेकराचा घसा दुखून ताप आला आणि मग सांधे सुजले, तर वाढीच्या वयाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. त्याला दाखवा. आणि त्याच्याबरोबर आत जा, दाराशी थांबू नका.

कुंभारी

तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा मी आरोग्यमित्र मुलीला नरसम्माचं विचारलं. ती आलीच नव्हती. फोन लागत नव्हता.

मला रिक्षात बसायची परवानगी मिळाली होती. यजमान कुरकुरले, पण आले. घरकुलात सारखीच घरं, चार ठिकाणी विचारलं. नरसम्मा उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. बोटं चालू. चेहरा सुजलेला, ओठ निळसर. मला बघून उठायला गेली आणि उठता उठता खाली बसली.

सून आतून पाणी घेऊन आली. "सासूबाईंचं बरंय आता," ती म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही."

मी नरसम्माकडे बघितलं. ती सुपात बघत होती. ती नजर मला ओळखीची होती.

सून आत गेल्यावर मी हळू विचारलं, "कुठल्या डॉक्टरनं?"

"कुटल्याबी न्हाय." तिनं सुपातली तंबाखू एका बाजूला सारली. "आधारच्या हापिसात गेलते की. धा बोटं लावली, अक्का. धाच्या धा न्हाय म्हनलं मशीन. मागं रांगंत बाई हाय, ती हसली. म्हनली, ही बाई हाय का भूत हाय? मी परत आले. सुनंला सांगितलं, बरं हाय. आता न्हाय जानार तितं."

मी तिला शिकवलं नाही, समजावलंही नाही. मी माझ्या चौदाव्या वर्षाचं सांगितलं. तळ्याकाठचा तो तास, घरी येऊन बोललेलं खोटं, आणि छातीवरचा व्रण पदर सारून दाखवला. "मी एकटी गेले होते म्हणून परत फिरले," मी म्हणाले. "तू एकटी जायचं नाहीस."

तिनं कान जवळ आणला. "हे काय वाजतंय?"

"माझं दार."

ती पहिल्यांदा हसली.

नातं

नरसम्माचं ऑपरेशन झालं, हे आधी सांगून टाकते. ती आता बरी आहे. तिचंही दार वाजतं. विड्या वळणं सोडलंय, नातवाला सांभाळते आणि शेंगाची चटणी चोरून खाते. आधारच्या केंद्रावर बोटांऐवजी डोळ्यांवरून ओळख पटवता येते, हे आम्हाला तिसऱ्या चकरेला एका कारकुनानं सांगितलं. पहिल्या दोन चकरांना ते कुणालाच सांगावंसं वाटलं नव्हतं. यंत्रापुढं तिनं डोळे इतके मोठे केले की कारकून म्हणाला, "मावशी, घाबरू नका, फोटोच आहे."

मला सांगायचंय ते त्यानंतरच्या सोमवारचं.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या योजनेच्या टेबलासमोर बसलो होतो. नवा मोबाईल नंबर जोडलेला, कार्ड नीट केलेलं, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाईलवर आकडे आले, मुलीनं ते भरले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. नरसम्मानं माझा हात इतका आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या.

मुलगी रकाने भरत होती. वय, गाव, आजार. मग तिनं मान वर करून मला विचारलं, "पेशंटसोबत तुम्ही आहात ना? नाव सांगा."

"शांता."

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

मी विचारात पडले. शेजारीण म्हणावं तर मी राहते सोलापुरात, ती कुंभारीत. मैत्रीण म्हणावं तर असा रकाना असतो की नाही, देव जाणे. मुलीची बोटं कीबोर्डवर खोळंबली होती, मागं रांग वाढत होती. माझ्याआधी नरसम्माच बोलली, ठणकावून, मागच्या बायकांनी वळून बघावं अशा आवाजात.

"अक्का हाय माजी."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. आम्हा दोघींची आडनावं, भाषा, कपाळावरची खूण, काहीच जुळत नव्हतं. मग तिनं रकान्यात 'बहीण' असं लिहिलं आणि पुढच्या पानावर गेली.

त्याचा पुरावा मात्र तिनं मागितला नाही.